रिबेका ग्रॅट्झ यांची रविवारची शाळा

स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’तील यहुदी नायिका रिबेका ग्रॅट्झ (१७८१–१८६९) यांच्यावरून बेतली, अशी आख्यायिका आहे. तिला सबळ आधार नाही. शिवाय तिने त्यांचे खरे कार्य झाकोळले. फिलाडेल्फियातील मिक्वे इस्राएल सिनेगॉगच्या परिवारातील या व्यापारीकन्या आजन्म अविवाहित राहिल्या. १८२३ मध्ये बहीण रेचेल वारल्यावर तिची मुले त्यांनीच वाढविली.

पारंपरिक धर्मशिक्षण मुख्यतः मुलग्यांचे आणि हिब्रूचे. त्यांनी ४ मार्च १८३८ रोजी, आपल्या वाढदिवशीच, मुलगे व मुली अशा दोघांसाठी विनामूल्य शाळा उघडली. शिक्षिका स्त्रिया, माध्यम इंग्रजी. धास्ती ख्रिस्ती प्रचारकांची होती, पण साचा त्यांच्याच रविवारच्या शाळांचा घेतला. पाठ्यपुस्तकेसुद्धा आरंभी प्रॉटेस्टंटांचीच. न पटणाऱ्या मजकुरावर कागद चिकटविलेले. मुले अर्थातच त्या कागदाखाली डोकावू पाहत! पुढे सिम्हा पेइक्सोटो या शिक्षिकेने स्वतंत्र प्रश्नोत्तरी रचली.

हिब्रू मागे पडली, हा आक्षेप खराच आहे. मात्र ज्या मुलींना एरवी ग्रंथाचे दार बंदच असते, त्यांतील कित्येक याच शाळेत पुढे शिक्षिका झाल्या. रिबेकाबाईंनी १८६४ पर्यंत, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत, शाळेची धुरा वाहिली.