भुकेचा हिशेब मांडणारा साताऱ्याचा गणिती

सोयाबीन काढणीला आले की बुलढाणा जिल्ह्यात चिखली-मेहकरच्या शिवारात सरकारी कर्मचारी दोरी आणि काटा घेऊन उतरतात. शेत चिठ्ठी काढावी तसे आधीच निवडलेले असते. त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून, मळून तोलायचे. पीक विम्याची भरपाई याच पीक कापणी प्रयोगावर ठरते. पूर्वी बांधावर उभे राहून नजरेनेच अंदाज बांधला जाई. त्याजागी यादृच्छिक नमुन्याची पद्धत देशात रुजवणाऱ्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रभागी होते. पुढे जगातली भूक मोजण्याची रीतही त्यांनीच घालून दिली.

सुखात्मे यांचा जन्म 27 जुलै 1911 रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. 1932 मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित घेऊन पदवीधर झाले आणि लंडनला गेले. 1936 मध्ये पीएच.डी. मिळवून परतल्यावर त्यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचे काम उभे केले. 1951 मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या रोम येथील अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

त्या वेळी जगातले दोन तृतीयांश लोक भुकेले आहेत, असे मोठमोठ्या व्यासपीठांवरून सांगितले जात होते. सुखात्मे यांना हा आकडा पटला नाही. देशात एकूण धान्य किती, भागिले माणसे किती, एवढ्यावर भूक कळत नाही. बुलढाण्याचेच पाहा. जिल्ह्यात तूर-ज्वारी भरघोस पिकली, म्हणून सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर, जळगाव जामोदच्या आदिवासी मजुराचे ताट भरतेच असे नाही. ज्याच्याकडे ना जमीन ना बारमाही मजुरी, तो सरासरीत दिसत नाही. म्हणून सुखात्मे यांनी खाण्याची विभागणी घराघरांत कशी होते ते मांडले आणि किमान गरजेच्या रेषेखाली किती जण राहतात ते काढले. 1961 मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी निष्कर्ष ठेवला: जगातले 10 ते 15 टक्के लोक अर्धपोटी आहेत, निकस आहार घेणारेही धरले तर हा आकडा निम्म्या लोकसंख्येपर्यंत जातो. देशोदेशींच्या कुपोषणाची आकडेवारी ही संघटना आजही याच चौकटीवर काढते.

प्रथिनांचा तुटवडा हीच खरी समस्या, असा गाजावाजा तेव्हा होता. सुखात्मे यांनी दाखवले, की भाकरी आणि वरण पोटभर मिळाले तर प्रथिने बहुधा पुरतात. गरिबाला पोटभर मिळत नाही, कारण खिशात पैसे नसतात. महागडी प्रथिनांची भुकटी विकणाऱ्यांना हे कडू लागले असणार!

मोठा वाद झाला तो पुण्यात. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये रोजच्या 2,250 उष्मांकांच्या आधारे गरिबी मोजली. सुखात्मे यांचे म्हणणे, ही सरासरी गरज आहे; निरोगी माणसांतही अनेक जण तिच्याखाली असतात, शिवाय एकाच माणसाची गरजही रोज बदलते. त्यामुळे रेषा खाली घ्यायला हवी. रेषा खाली आली की उपाशी माणसांची संख्याही घटते, आणि इथेच दांडेकर, सी. गोपालन अडले. कमी खाऊन जगणारे शरीर जुळवून घेत नाही, ते खुरटते आणि काम कमी करते, हा आक्षेप सोपा नव्हता. आकडेमोडीत सुखात्मे सरस असले, तरी कापूस वेचणाऱ्या बाईच्या बाजूने पाहिले तर आक्षेपच जड वाटतो.

उत्तरायुष्यात मात्र त्यांनी एक गोष्ट सातत्याने लावून धरली: पाणी स्वच्छ नसेल तर मुलाने खाल्लेले जुलाबात वाहून जाते, नुसता पोषण आहार वाढून भागत नाही. पद्मभूषण मिळालेले सुखात्मे 28 जानेवारी 1997 रोजी निवर्तले, तेव्हाही रेषा कुठे आखायची हा वाद मिटलेला नव्हता.