कंपनी कोणत्या राज्याची नागरिक? जॉन मार्शल यांनी दिलेलं उत्तर अमेरिकेत आजही छळतंय

१९व्या शतकाची सुरुवात. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं सव्हाना शहर. राज्य सरकारची माणसं बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सच्या शाखेत शिरली आणि दोन हजारांहून जास्त डॉलरची चांदी उचलून घेऊन गेली.

हा दरोडा नव्हता. जॉर्जियाने १८०५ मध्ये बँकेवर कर लावला होता. बँक तो भरेना, म्हणून ही जबरदस्तीची वसुली.

बँकेला दाद मागायची होती. पण जॉर्जियाच्याच कोर्टात जॉर्जियाच्या अधिकाऱ्यांविरुद्ध न्याय मिळेल, याची खात्री कोण देणार? म्हणून बँक फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टात गेली. तिथे वेगळाच प्रश्न उभा राहिला. बँक ही कोणत्या राज्याची नागरिक?

१८०९ मध्ये या प्रश्नाचं उत्तर दिलं सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी.

सैनिक ते सरन्यायाधीश

मार्शल यांचा जन्म २४ सप्टेंबर १७५५ चा, व्हर्जिनियातला. १५ भावंडांत ते थोरले. शिक्षण बहुतेक घरीच झालं. स्वातंत्र्ययुद्धात ते जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सैन्यात होते. १७७७-७८ चा व्हॅली फोर्जचा हिवाळा त्यांनी काढला. सैनिकांना धड अन्न नव्हतं, कपडे नव्हते आणि राज्यांकडून पैसा वसूल करण्याची ताकद केंद्राकडे नव्हती. राज्यं आपापलं बघत राहिली तर देश उभा राहत नाही, हे मार्शल यांच्या मनात पक्कं बसलं.

पुढे विल्यम अँड मेरी कॉलेजात थोडे दिवस कायद्याची व्याख्यानं ऐकून ते रिचमंडमध्ये वकिली करू लागले. १७८८ मध्ये व्हर्जिनियाने नवी राज्यघटना स्वीकारावी की नाही यावर चर्चा झाली, तेव्हा केंद्राच्या न्यायालयांची बाजू त्यांनी मांडली. पुढे ते परराष्ट्रमंत्री झाले आणि १८०१ मध्ये सरन्यायाधीश. त्या खुर्चीवर ते ३४ वर्षं होते.

घटनेविरुद्ध असलेला कायदा कोर्ट रद्द करू शकतं, हा १८०३ चा त्यांचा निकाल जगभर शिकवला जातो. बँकेचा निकाल त्या मानाने कमी लोकांना माहीत आहे.

नियम नेमका काय?

अमेरिकेत बहुतेक खटले राज्याच्या कोर्टात चालतात. पण वादी एका राज्याचा आणि प्रतिवादी दुसऱ्या राज्याचा नागरिक असेल, तर खटला फेडरल कोर्टात नेता येतो. याला डायव्हर्सिटी ज्युरिस्डिक्शन म्हणतात. परक्या राज्यात बाहेरच्या माणसावर अन्याय होऊ नये, हा त्यामागचा हेतू.

१८०६ मध्ये मार्शल यांनी हा नियम कडक केला. दोन्ही बाजूंना एकाच राज्याचा एक जरी माणूस निघाला, तरी फेडरल कोर्टाचं दार बंद.

मग बँकेचं काय? मार्शल यांच्या मते कंपनी डोळ्यांना न दिसणारी, कायद्याने घडवलेली गोष्ट आहे. ती स्वतः नागरिक असूच शकत नाही. पण तिच्यामागे खरी माणसं असतात, तेव्हा त्यांचं नागरिकत्व पाहायचं. बँकेचे सभासद पेनसिल्व्हेनियाचे असल्याचं दाव्यात म्हटलं होतं आणि प्रतिवादी जॉर्जियाचे होते. बँकेला दार उघडलं.

गोची नंतर झाली. कंपन्या वाढल्या, भागधारक राज्याराज्यांत पसरले. शंभरातला एक भागधारक जरी समोरच्याच्या राज्यातला निघाला, तरी खटला बाहेर.

मार्शल गेल्यावर

मार्शल यांचं ६ जुलै १८३५ रोजी फिलाडेल्फियात निधन झालं. नऊ वर्षांनी, १८४४ मध्ये, सुप्रीम कोर्टाने त्यांची भूमिका सोडली आणि कंपनी ज्या राज्यात स्थापन झाली त्या राज्याची नागरिक मानावी, असं ठरवलं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जेम्स वेन हे सव्हानाचेच. जुन्या निकालांबद्दल मार्शल यांनाही पुढे खेद वाटत होता, असं त्यांनी त्यात नोंदवलं. मार्शल हयात नव्हते, त्यामुळे त्यांची बाजू ऐकायला मिळाली नाही.

१८५३ मध्ये कोर्टाने मधला मार्ग काढला. भागधारक खरोखर कुठलेही असोत, ते कंपनीच्याच राज्याचे आहेत असं गृहीत धरायचं.

ड्रेड स्कॉट हा गुलामीत असलेला माणूस याच नियमाच्या आधारे आपलं स्वातंत्र्य मागत फेडरल कोर्टात आला होता. १८५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कृष्णवर्णीय माणूस नागरिक होऊ शकत नाही. कंपनीला कल्पनेने का होईना दार उघडलं आणि हाडामांसाच्या माणसाला मात्र बंद झालं. मार्शल तेव्हा नव्हते, पण त्यांनाही यातून सोडता येत नाही. कंपनीमागची माणसं पाहा म्हणणाऱ्या या न्यायाधीशाने आयुष्यभर गुलाम बाळगले.

आज काय?

१९५८ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा बदलला. कॉर्पोरेशन आता दोन ठिकाणची नागरिक असू शकते. एक, जिथे तिची स्थापना झाली ते राज्य. दोन, जिथे तिचं मुख्य ठिकाण आहे ते राज्य. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की मुख्य ठिकाण म्हणजे जिथून वरिष्ठ अधिकारी कंपनी चालवतात ते, सहसा मुख्यालय. कारखाने किंवा दुकानं कुठे जास्त आहेत, ते मोजत बसायचं नाही.

पण हे फक्त कॉर्पोरेशनसाठी. भागीदारी आणि एलएलसीला आजही मार्शल यांचाच तर्क लागू होतो. जितके सदस्य, तितक्यांचं नागरिकत्व. एखादा सदस्य स्वतःच एलएलसी असेल, तर तिचेही सदस्य शोधायचे. डिसेंबर २०२२ पासून अशा खटल्यांत पक्षकारांना ही माहिती सुरुवातीलाच लेखी द्यावी लागते.

म्हणजे न्यू जर्सीत मित्रांबरोबर एलएलसी काढणाऱ्या मराठी माणसालाही हे लागू आहे. कंपनीची नोंदणी डेलावेअरची आहे एवढं सांगून भागत नाही. एक भागीदार टेक्सासचा नागरिक असेल आणि खटला टेक्सासच्या माणसाशी असेल, तर फेडरल कोर्ट हातचं गेलं. हे उशिरा लक्षात आलं, तर कोर्टाला अधिकारच नव्हता म्हणून लागलेला निकालही रद्द होऊ शकतो. तेव्हा अमेरिकेत दावा लावण्याआधी पहिली यादी करायची ती भागीदारांची आणि ते कोणत्या राज्याचे नागरिक आहेत याची.