ग्रंथपाल व्हर्जिनियाबाई

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात विल्किन्सबर्ग नावाचे गाव आहे. तेथे १८९७ साली एका कृष्णवर्णीय कुटुंबात व्हर्जिनिया पॉवेल हिचा जन्म झाला. आई वारल्यानंतर ती पिट्सबर्ग शहरी नातलगांकडे राहावयास गेली. लहानगी व्हर्जिनिया अभ्यासात हुशार होती. ओबर्लिन महाविद्यालयातून इंग्रजी साहित्य हा विषय घेऊन १९१९ साली ती पदवीधर झाली.

आपण शिक्षिका व्हावे, ही तिची मनीषा होती. पण पिट्सबर्गच्या शाळांत त्या काळी कृष्णवर्णीयांना शिक्षकाची जागा मिळत नसे. पदवी हाती असूनही तिला एका नातलग बाईंच्या केशभूषेच्या दुकानात काम करावे लागले.

तिचे भावी पती चार्ल्स फ्लॉरेन्स यांना तिचे पुस्तकांचे वेड ठाऊक होते. तिने ग्रंथपालाचे शिक्षण घ्यावे, असे त्यांनी सुचविले. पिट्सबर्गमध्येच कार्नेगी ग्रंथालयाचे विद्यालय होते. तिचा अर्ज पाहून तेथील चालक मंडळी विचारात पडली. प्रश्न बुद्धीचा नव्हता, वर्णाचा होता. गोरे विद्यार्थी काय म्हणतील? शिकून बाहेर पडल्यावर हिला नोकरी कोण देईल? नोकरी मिळणार नाही म्हणून शिक्षण द्यायचे नाही, आणि शिक्षण नाही म्हणून नोकरीही नाही, असे ते विचित्र चक्र होते! बराच खल होऊन अखेर १९२२ साली तिला प्रवेश मिळाला. वर्षभरातच तिने अभ्यासक्रम पुरा केला. ग्रंथपालाचे असे रीतसर शिक्षण घेतलेली अमेरिकेतील ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री होय.

काम मात्र पिट्सबर्गला मिळाले नाही. ते न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने दिले. तेथे असतानाच व्हर्जिनियाबाई माध्यमिक शाळेच्या ग्रंथपालपदाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. न्यूयॉर्कमध्ये हे यश मिळविणाऱ्या त्या पहिल्याच कृष्णवर्णीय. १९२७ साली स्यूअर्ड पार्क हायस्कूलमध्ये त्यांची नेमणूक झाली. शाळेचे जे दार एकदा बंद झाले होते, त्यातून त्या अशा रीतीने आत आल्या.

१९३१ साली विवाह झाला आणि त्या मिसूरी राज्यात गेल्या. त्यांचे पती तेथील लिंकन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. पुढे १९३८ ते १९४५ या काळात व्हर्जिनियाबाईंनी वॉशिंग्टनच्या कार्डोझो हायस्कूलमध्ये ग्रंथपालाचे काम केले. मध्ये खंड पडला, तरी हा व्यवसाय त्यांनी सोडला नाही. रिचमंड येथील मॅगी वॉकर हायस्कूलमधून १९६५ साली त्या निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांचे वय ६७ वर्षांचे होते.

१९९१ साली त्यांचे निधन झाले. कार्नेगीचे ते ग्रंथालय विद्यालय पुढे पिट्सबर्ग विद्यापीठात सामील झाले होते. त्या विद्यापीठाने २००४ साली व्हर्जिनियाबाईंच्या नावाचा स्मृतिफलक बसविला.