सरखेल : बापाने कमावलेली, पोरांनी वाटून घेतलेली पदवी

पावसाळा आला की कर्जतहून कोंदिवडेमार्गे राजमाचीला जाणाऱ्यांची गर्दी होते. श्रीवर्धन, मनरंजनवर सेल्फी होतात. पण डोंगरातला हा किल्ला एकेकाळी एका दर्यावर्दीकडे होता, हे किती जणांना माहीत असतं? तो दर्यावर्दी म्हणजे कान्होजी आंग्रे.

वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजींनी सुवर्णदुर्गावर नाव कमावलं आणि १६९८ च्या सुमारास त्यांना ‘सरखेल’, म्हणजे आरमारप्रमुख, ही पदवी मिळाली. शाहू महाराज आणि ताराबाईंचा वाद पेटला तेव्हा ते ताराबाईंच्या बाजूने होते. १७१३ मध्ये शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळ्यांना त्यांच्यावर पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यालाच कैद केलं!

नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी लढण्याऐवजी बोलणी केली. कान्होजी शाहूंकडे आले, पिंगळ्यांना सोडलं, जिंकलेले किल्ले परत दिले. ठेवला तो फक्त राजमाची, खालापुरातून बोरघाट चढणाऱ्या वाटेवर नजर ठेवणारा. बदल्यात दहा किल्ले, सोळा लहान ठाणी मिळाली आणि सरखेलपद कायम झालं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले, पण हात हलवत परत गेले.

४ जुलै १७२९ ला कान्होजी गेले. पदवी आता वारशाने चालणार होती. थोरले सेखोजी १७३३ मध्ये वारले आणि संभाजी-मानाजी या भावांत जुंपली. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांनी वाटणी करून दिली : संभाजींना सरखेल, मानाजींना ‘वजारतमाब’ हा नवा किताब आणि कुलाबा. किताब दोन झाले, तसं आरमारही दुभंगलं. संभाजींनंतर तुळाजी आले. १७५६ मध्ये पेशव्यांशी संगनमत करून आलेल्या इंग्रजांनी विजयदुर्गात त्यांचं आरमार जाळलं.

कान्होजींच्या हयातीतच, १७२६ मध्ये, इंग्लंडच्या राजाने नातवाला ‘ड्यूक ऑफ एडिंबरा’ केलं होतं. तोच किताब २०२३ मध्ये प्रिन्स एडवर्डना मिळाला, तोही हयातीपुरताच. मुलाकडे जाणार नाही.

आंग्र्यांच्या घरातली पदवी मुलांकडे गेली. पण पेशव्याला कैद करून पुन्हा त्याच दरबाराशी मानाने तह करणारा माणूस त्या पदवीसोबत वारशाने येणार नव्हता. पुढच्या वेळी राजमाचीवर गेलात, तर तिथून न दिसणाऱ्या समुद्राचीही आठवण काढा.