तोफेचा नांगर

आम्ही चौघांनी प्रोजेक्टला कडबाकुट्टी करायची ठरवली होती. नांदेडच्या भंगार बाजारात दोन रविवार हिंडून फ्लायव्हील, शाफ्ट, बेअरिंग असा सगळा माल गोळा केला. पात्यांसाठी मात्र स्वस्त पडते म्हणून साधी एम.एस.ची पट्टी घेतली आणि बोल्ट जुनेच लावले. पहिल्या पेंढीला पात्याची धार वळली. दुसऱ्या पेंढीला बोल्ट तुटला आणि पातं माझ्या रूम पार्टनरच्या कानाजवळून सूं करत गेलं. पोरगा वाचला, पण त्या रात्री मेसमध्ये कुणाला घास गेला नाही. सर रागावले नाहीत. लायब्ररीतून लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र काढून वाचा, एवढंच त्यांनी सांगितलं.

नाव आपण पंपावर रोज वाचतो, माणूस मात्र मला माहीत नव्हता. २० जून १८६९ ला बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला त्यांचा जन्म झाला. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, तर काही रंग नीट ओळखू येत नाहीत असं निघालं. दुसरा कुणी घरी परतला असता. यांनी रंग सोडले, रेघ धरली. मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. पुढे हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरीवर पाणी सोडून बेळगावला आले. तिथे भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलचं दुकान होतंच. त्यातूनच कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर जन्माला आले. आमची कडबाकुट्टी त्यांनी शंभर वर्षं आधीच करून ठेवली होती म्हणायची!

नांगर दिसायला सोपा, पण त्याला सगळीकडे एकच लोखंड चालत नाही. फाळ जमिनीत घासतो, म्हणून तो कठीण हवा. दांडीला बैलांचा हिसका बसतो, म्हणून ती चिवट हवी. बीड कठीण असतं, पण आपटलं की तुटतं. कुठला भाग कशाचा, हे आधी ठरवावं लागतं. आम्ही नेमकं तेच केलं नव्हतं. आम्ही भाव बघितला, काम बघितलं नाही.

नांगर तयार झाला तरी शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. त्यात बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर त्यांनी माणसंही पारखून घेतली. तुरुंगवास भोगून आलेल्यांवर राखणीचं काम सोपवलं, आणि त्यांनी तो विश्वास राखला.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना. कारखाना बंद पडायची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. २६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले.

माझं गाव लातूरकडचं, औशाजवळ. लहानपणी औशाच्या किल्ल्यातल्या तोफेवर बसून आम्ही तोंडानेच धडाम-धुडूम करायचो. दिवाळीला गेलो तेव्हा तिच्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. ज्या लोखंडाने माणसं मारली, त्याचा फाळ होऊ शकतो हे ज्याला सुचलं तो खरा इंजिनिअर, असं वाटलं.

परत आल्यावर नवीन पाती घेतली, टेम्पर केलेली. बोल्ट नवे, आणि वरून पत्र्याचं कव्हर. ते कव्हर रूम पार्टनरनेच बसवलं. आता कुट्टी बारीक पडते. सरांनी मार्क किती दिले ते विचारू नका.