माटुंगा, बोरिवली, कुर्ला... शाळेच्या पाटीवरचा हा ‘डॉन’ नेमका होता कोण?

मुंबईत डॉन म्हटलं की डोळ्यासमोर कोण येतं, ते वेगळं सांगायला नको. पण गोरेगाव ते बोरिवली पट्ट्यातल्या पालकांना आणखी एक डॉन पक्का माहीत असतो. डॉन बॉस्को.

या नावाच्या शाळेत पोराला प्रवेश मिळावा म्हणून आईबाप धडपडतात. पण ज्या माणसाचं हे नाव आहे, त्याने सुरुवात केली ती कुणीच दारात उभं करत नव्हतं अशा पोरांपासून.

इटलीत धर्मगुरूंना आदराने ‘डॉन’ म्हणतात. म्हणजे डॉन बॉस्को म्हणजे फादर बॉस्को. पूर्ण नाव जुवान्नी बॉस्को. जन्म १६ ऑगस्ट १८१५, उत्तर इटलीतल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी. दोन वर्षांचा व्हायच्या आतच वडील गेले. आई मार्गेरिता हिने घर सांभाळलं. तिला लिहितावाचता येत नव्हतं. पोरगा शेतात राबला, दुसऱ्यांकडे कामाला राहिला, शिंपीकाम शिकला आणि त्यातूनच शिकत शिकत १८४१ साली धर्मगुरू झाला.

त्या काळी तुरिन शहरात कामधंदा वाढत होता. खेड्यापाड्यातली पोरं गवंड्याच्या हाताखाली, भट्टीवर, मिळेल तिथे काम करायची आणि रस्त्यावर झोपायची. चोरीमारीत सापडली की तुरुंगात. तुरुंगात जाऊन बॉस्कोंनी ही पोरं पाहिली. सुटल्यावर त्यांना विचारणारं कुणी नसतं म्हणून ती परत आत येतात, हे त्यांच्या लक्षात आलं.

८ डिसेंबर १८४१. मिस्सेच्या आधी चर्चच्या सेवकाने एका अनाथ पोराला मारून हाकललं. बॉस्कोंनी त्याला परत बोलावलं, जवळ बसवलं आणि शिकवायला घेतलं. त्याचं नाव बार्तोलोमेओ गारेल्ली. तिथून सगळं सुरू झालं.

पोरं वाढली तशी कटकटही वाढली. एवढा दंगा कोण सहन करणार? एकेक जागा सोडावी लागली. शेवटी १८४६ च्या एप्रिलमध्ये वाल्दोक्को भागात एक शेड भाड्याने मिळाली. आई गाव सोडून मदतीला आली. सुरुवातीला आसरा दिलेली काही पोरं रात्रीत चादरी घेऊन पळाली, असंही सांगतात. तरी दार बंद झालं नाही.

मग आला खरा बदल. बॉस्को पोरांना कामाला लावताना मालकाशी लेखी करार करू लागले. पोराला मारायचं नाही, शिकायला आला आहे तर घरगडी म्हणून राबवायचं नाही, रविवारी सुट्टी द्यायची. १८५२ सालचा सुतारकामाचा असा एक करार प्रसिद्ध आहे. १८५३ पासून त्यांनी स्वतःच्याच आवारात चांभारकाम आणि शिवणकाम, पुढे बुकबाइंडिंग, सुतारकाम आणि छपाई शिकवायला सुरुवात केली.

छडीवर शाळा चालण्याचा तो जमाना. बॉस्कोंचं म्हणणं वेगळं होतं. चूक झाल्यावर ठोकण्यापेक्षा चूक होण्याआधी पोराच्या सोबत राहा, त्याला कारण समजावून सांगा, जीव लावा. मास्तरांनी मैदानात उतरून पोरांबरोबर खेळायचं, हाही त्यातलाच भाग.

१८५९ मध्ये त्यांनी सेलेशियन संघ स्थापन केला. १८७५ मध्ये पहिली तुकडी अर्जेंटिनाला गेली. ३१ जानेवारी १८८८ रोजी बॉस्को वारले. १९३४ मध्ये चर्चने त्यांना संत घोषित केलं.

ते स्वतः भारतात कधीच आले नाहीत. सेलेशियन १९०६ मध्ये तंजावरला आले आणि १९२८ मध्ये मुंबईत. आधी ताडदेव, मग माटुंगा. माटुंग्याची मुलांची शाळा नावारूपाला आली आणि हे नाव उपनगरांतही पोहोचलं. कुर्ल्यात त्याच नावाने तंत्रशिक्षण सुरू झालं. हाताला काम देण्याचा तुरिनचा जुना धागा तिथे सरळ दिसतो.

नामांकित शाळा म्हणून हे नाव आज सगळ्यांना माहीत आहे. पण त्याचा पहिला विद्यार्थी फी भरून आला नव्हता, तो मार खाऊन बाहेर पडलेला होता. आज त्या नावाच्या शाळेची खरी परीक्षा निकालाच्या टक्केवारीत नाही, अशा पोराला तिथे जागा मिळते का, यात आहे.