शिंदे घाटावरची घोडेस्वार राणी

दिवाळीच्या सुट्टीत मी आजीबरोबर काशीला गेलो होतो. घोड्यावरून पडल्यापासून रायडिंगच्या तासाला मी रोज नवी सबब सांगत होतो. शिंदे घाटावर, कललेल्या रत्नेश्वर मंदिरासमोर बसलो असताना आजीने मला बायजाबाई शिंदे यांची हकिकत सांगितली. हा घाट त्यांनीच १८३० मध्ये बांधला.

बायजाबाई कागलच्या घाटग्यांच्या कन्या, म्हणजे आमच्या कोल्हापूरकडच्या. जन्म १७८४ चा. १७९८ मध्ये दौलतराव शिंद्यांशी त्यांचे लग्न झाले. घोड्यावर बसण्यात आणि भाला चालवण्यात त्या तरबेज होत्या. १८२७ मध्ये दौलतराव वारले. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून बाईंनी जनकोजींना दत्तक घेतले आणि ग्वाल्हेरचा कारभार स्वतः पाहिला. पण १८३३ मध्ये फौज जनकोजींच्या बाजूने उठली व बाईंना राज्य सोडावे लागले.

१८३५ मध्ये त्यांची छावणी फत्तेगडला होती. गादी गेली, घोडे मात्र सोबत होते. फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई तिथे आली, तेव्हा एका बाजूला पाय सोडून इंग्रज स्त्रिया घोड्यावर कशा बसतात, हे बाईंनी पाहून घेतले. मग पार्क्सबाई मराठी पद्धतीने, दोन्हीकडे पाय टाकून बसली. तिने हे सारे लिहून ठेवले आहे.

कोल्हापूरजवळ वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांच्याच देशाच्या बेघर सैनिकांनी १९४२ मध्ये इराणात अस्वलाचे एक पिल्लू पाळले. त्याचे नाव वोयटेक. १९४४ मध्ये ते त्यांच्याबरोबर इटलीत मोंते कासिनोच्या लढाईपर्यंत गेले. आपला धनी गादीवर आहे की देशोधडीला लागला आहे, हे जनावराला कळत नाही. त्याला वेळेवर दाणापाणी आणि ओळखीचा हात हवा असतो. सगळे गमावलेल्या माणसाला रोज उठायला तेवढे कारण पुरते, असे मला वाटते.

बायजाबाई पुढे काही काळ नाशिकला राहिल्या. १८६३ मध्ये त्यांचे निधन झाले.

सुट्टी संपल्यावर मी थेट पागेत गेलो. ज्याने मला पाडले होते, त्याच घोड्याला आधी गूळ दिला, खरारा केला. मग रिकिबीत पाय ठेवला. पाय थरथरत होता, पण घोडा शांत उभा राहिला.